एकोणीसशे किलोमीटर

मी बोलतेय ती इटलीतल्या सास्सुओलो गावच्या एका गॅरेजातून, सुती चादरीखालून. मी दोन सीटची, बारा सिलिंडरची, राखी निळ्या रंगाची गाडी आहे. माझ्यासारख्यांचे फोटो लोक भिंतीवर लावतात आणि आमचं आयुष्य म्हणजे नुसती चैन, असं समजतात. ऐका तर मग.

मोडेनाबाहेरच्या एका छोट्या कारखान्यात, १९६५ साली माझा जन्म झाला. तो कारखाना आता उरलेला नाही. माझा पत्रा घडवणारा म्हातारा ठोकाठोकीने ठार बहिरा झाला होता. कुठे किती ठोकायचं, ते तो बोटांनीच ठरवायचा. पहिल्यांदा रस्त्यावर नेऊन आणणारा चालक उतरताना हसून म्हणाला, "हिला थांबायला शिकवा. पळायचं तर ही आईच्या पोटातूनच शिकून आलीये." इतकं कौतुक पुढे माझं कुणी केलं नाही. म्हणजे केलं पुष्कळांनी, पण ते वेगळं.

पार्माच्या एका औषधविक्रेत्याने मला विकत घेतलं, दोन महिने एकट्यानेच दामटलं आणि तो हृदयविकाराने गेला. त्याचे भाऊ माझ्यावरून कोर्टात भांडत बसले आणि मी वीस वर्षं गोदामात. तिथून मला फोस्को बेर्तोलानीने सोडवलं. हा टाइल्सच्या कारखान्यात भट्टीवरचा मुकादम. गाड्यांचं असं वेड की रस्त्यावरून इंजिनाचा आवाज आला तर घास हातात धरून खिडकीशी जाईल आणि गाडीचं साल सांगून परत येईल. माझ्यासाठी त्याने आजोबांचा द्राक्षमळा विकला.

त्याची बायको नोर्मा मळा विकायला एकाच अटीवर तयार झाली होती.

"हिच्यात बसवून मला आबेतोनेच्या घाटापलीकडे माहेरी न्यायचं," ती म्हणाली. "भर चौकात उतरायचं. भट्टीवाला नवरा केला म्हणून फिदीफिदी हसल्या होत्या ना तिथल्या सगळ्या, त्यांच्या देखत."

"येत्या रविवारी!" फोस्को म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. मीही त्या रविवारची वाट पाहत होते. घाट, नागमोडी वळणं, आणखी काय हवं?

शनिवारी बारमधली मित्रमंडळी मला बघायला आली. त्यातल्या एकाने आत डोकं घालून मीटर वाचला आणि तो जवळजवळ किंचाळलाच. "एकोणीसशे किलोमीटर? फक्त? अरे, टायरसुद्धा कारखान्यातलेच! फोस्को, हिला आता चाकभरही हलवू नकोस. अशी कोरी गाडी अख्ख्या इटलीत दुसरी नसेल."

झालं. तेवढं एक वाक्य माझ्या मुळावर आलं. जुन्या गाड्यांच्या स्पर्धा असतात, तिथे परीक्षक एकेका स्क्रूला मार्क देतात. मूळचे टायर असले तर मार्क जास्त, नवे घातले तर मार्क गेले. आणि मूळचे टायर तर वीस वर्षांत दगडासारखे कडक झालेले. त्यांच्यावर घाट चढणं म्हणजे जिवाशी खेळ. टायर बदलले तर मार्क जातात, न बदलले तर गाडी हलत नाही. फोस्कोने मार्क निवडले. माझ्यावरच्या प्रेमापोटीच निवडले, हेच तर दुःख आहे.

मग दर रविवारी, चर्चमधून आल्यावर, गॅरेजचं दार उघडायचं. फोस्को माझं इंजिन दहा मिनिटं चालू ठेवायचा, मंडळी डोळे मिटून ऐकायची. माझ्या अंगाचा कण न् कण रस्ता मागायचा. मग किल्ली उलटी फिरायची, इंजिन बंद, आणि सगळे टाळ्या वाजवायचे. नोर्मा न्योक्कोची, म्हणजे पिठाच्या तळून फुगवलेल्या तुकड्यांची, परात घेऊन यायची.

"हात लांब ठेव गं, तेलकट आहेत!" फोस्को ओरडायचा.

"नाही शिवत बाबा तुझ्या लाडकीला," ती म्हणायची. "सवत बरी, निदान तिला घराबाहेर तरी काढतात."

सगळे हसायचे. तीही हसायची. अशी बावीस वर्षं गेली.

तिचा भाऊ इव्हानो नवी कोरी जर्मन गाडी घेऊन यायचा. काय गाडी होती! बसकी, रुंद, वळणावर रस्ता सोडायची नाही. आणि नाकावर मेलेल्या किड्यांचा हा थर. फोस्को तिच्याभोवती लहान मुलासारखा फिरायचा, ब्रेक बघायचा, गुडघ्यावर बसून खाली वाकायचा. मी त्या किड्यांवर जळायचे.

"दाजी, गाडी वापरायची असते," इव्हानो म्हणायचा. "ताई, चल, तासाभरात तुला घाटापलीकडे सोडतो."

"मी जाईन तर हिच्यातूनच," नोर्मा म्हणायची. "शब्द दिलाय त्याने."

मग तिच्या फुप्फुसांचं दुखणं निघालं. मे महिन्यात ती काठी टेकत गॅरेजमध्ये आली.

"फोस्को, या रविवारी जाऊ या. पुढचं मला काही खरं वाटत नाही."

"काहीतरीच काय बोलतेस! टायर फुटतील गं. सप्टेंबरची स्पर्धा होऊ दे, या वर्षी पहिला नंबर आपलाच. दुसऱ्याच दिवशी नवे टायर घालतो. आईशप्पथ."

तिने काठी सावरली. "बरं," म्हणाली आणि गेली. त्यानंतर ती गॅरेजमध्ये आली नाही. ऑगस्टमध्ये ती वारली.

सप्टेंबरमध्ये फोस्कोने मला ढकलत ट्रेलरवर चढवलं. का नेलं, ते त्यालाही सांगता आलं नसतं. दर वर्षीची सवय, दुसरं काय! बोलोन्याजवळच्या एका बागेत मला उभं केलं. परीक्षकाने बॅटरी मारून तासभर मला तपासलं. शेवटी चालकाच्या शेजारची सीट बघून तो वहीत लिहिता लिहिता थांबला.

"अभिनंदन, बेर्तोलानी साहेब. या चामड्यावर एक सुरकुती नाही हो! हिच्यावर कधी कुणी बसलंच नाही वाटतं?"

"नाही," फोस्को म्हणाला. "कुणीच नाही."

"पूर्ण मार्क!" परीक्षक म्हणाला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. फोस्को दाराची कड धरून उभा राहिला, आणि मग त्या भरल्या बागेत, चांदीचा पेला पुढे करणाऱ्या माणसासमोर, खाली गवतावर बसून हुंदके देऊ लागला. लोकांना वाटलं, आनंदाने रडतोय.

या गोष्टीला तीन वर्षं झाली. गॅरेजचं दार आता रविवारीही उघडत नाही. माझं इंजिन बहुतेक जाम झालंय. फोस्कोला दोष द्यावा म्हटलं, तर त्या दहा मिनिटांच्या टाळ्या मलाही गोड लागायच्या, हे कसं लपवू? मला कुणी विकत घेणार असाल तर एवढंच करा, माझी किंमत घालवा. मला चिखलात न्या, घाटात न्या, ओरखडे पाडा. ते जमणार नसेल, तर ही चादर काढू नका. मला कुणाच्या नजरेस पडायची आता लाज वाटते.