नात्यात नसलेली एक सही

आमच्या घरातले सगळे अर्ज मी भरते. शाळेच्या वादविवाद स्पर्धेत दुसरी आल्यापासून माझं तोंड असं काही सुटलंय, की बाबा कुठल्याही कचेरीला फोन लावतात आणि पलीकडून कोणी 'हॅलो' म्हणायच्या आत माझ्या हातात देतात. आबा, म्हणजे माझे आजोबा, मला तोफ म्हणतात. या देशात आल्यापासून चार वर्षांत त्यांना इथल्या भाषेतले चारच शब्द आले: नमस्कार, किती, नको आणि धन्यवाद. बाकी सगळं तोफेच्या तोंडून.

आबा तिकडे, आमच्या देशात, वजनमापे निरीक्षक होते. दुकानादुकानांतले काटे तपासायचे, खोटी वजनं जप्त करायची. त्या नोकरीची पेन्शन त्यांना मिळते. पण गेल्या वर्षापासून तिकडचे लोक त्यातून कर कापतात आणि इकडचं कर कार्यालयही त्याच पैशांवर कर मागतं.

"एकच ऊस दोन चरकांत घालतायत," आबा म्हणाले.

यातून सुटायला 'मी इथेच राहतो' असा दाखला इकडच्या कर कार्यालयाकडून घेऊन तिकडे पाठवायचा असतो. अर्जाची मुदत शुक्रवारपर्यंत होती.

"राहू दे ना आबा," बाबा म्हणाले. "उरेल तेवढं उरेल. मी आहे की."

"तू आहेसच रे." आबांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "पण उद्या चष्मा फुटला तर तुझ्यापुढे हात पसरू का?"

म्हणून मी अर्ज घेतला आणि धडाधड भरत सुटले. जन्मतारीख, पत्ता, पेन्शनचा क्रमांक. शेवटच्या चौकटीपाशी गाडी अडली. अर्जदाराला किमान वर्षभर ओळखणाऱ्या, नात्यात नसलेल्या, इथल्याच एका माणसाची सही हवी होती. खाली दोन रिकाम्या ओळी: ओळख कशी?

"वरच्या मजल्यावरच्या बाईंना विचार," आई म्हणाली.

मी दोन-दोन पायऱ्या गाळत वर गेले. बाई फार गोड हसल्या. "अय्या, तुमच्याकडे आजोबा आहेत? कधी आले?"

खाली येऊन मी सांगितलं, की बाई घरी नाहीत.

दवाखान्यात दर वेळी नवा डॉक्टर असतो, त्यामुळे तोही बाद. शेवटी बाबांनी त्यांच्या ऑफिसातल्या मित्राला फोन केला. तो लगेच तयार झाला.

"तो मला कधी भेटलाय?" आबांनी विचारलं.

"सहीच तर करायचीय, आबा!"

"छत्तीस वर्षं नोकरी केली. न तपासलेल्या वजनावर एकदाही शिक्का मारला नाही."

झालं, विषय संपला. आमच्या घरात हट्टाची खाण कुठे आहे ते सगळ्यांना माहीत आहे.

"मग तुम्हीच सांगा," मी कमरेवर हात ठेवून विचारलं, स्पर्धेत विचारतात तसं. "इथे तुम्हाला कोण ओळखतं?"

प्रश्न विचारल्यावर मला कळलं, की तो असा विचारायचा नव्हता. आबा बोटांवर मोजू लागले आणि पहिल्याच बोटावर थांबले.

"दुपारी भाजीवालीकडे जातो मी," ते शेवटी म्हणाले.

"नाव काय तिचं?"

"माहीत नाही."

"काय बोलते तुमच्याशी?"

"आकडा सांगते."

गुरुवारी शाळा सुटल्यावर आम्ही गेलो. चिंचोळं दुकान, दोन्हीकडे खोकी, मधे एकच माणूस जाईल एवढी वाट. गल्ल्यामागच्या बाईंनी आबांना पाहिलं आणि वजनकाट्याची आकडे दाखवणारी पाटी त्यांच्याकडे वळवली. आबांनी एक लिंबू ठेवलं, आकडा पाहिला आणि मान डोलावली.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"पहिल्यांदा आलो तेव्हा काटा पाच ग्रॅम जास्त दाखवत होता. मी पाच बोटं दाखवली, तर तिने पाच कांदे दिले." आबांनी खिशातून एक गुळगुळीत पितळी वजन काढलं. "मग हे ठेवून दाखवलं. दुसऱ्या दिवशी काटा दुरुस्त. तेव्हापासून मी आलो की ती पाटी वळवते."

मी बाईंना सगळं सांगितलं. पेन्शन, दोन कर, शुक्रवार, एका दमात.

"ओळखते की यांना!" त्या म्हणाल्या. मग अर्ज पुढे ओढून थांबल्या. "नाव काय यांचं?"

मी नावावर बोट ठेवलं. त्यांनी हात पुसले, दोन ओळी लिहिल्या, सही केली आणि मोबाइल नंबरही दिला.

बाहेर पडल्याबरोबर आबा म्हणाले, "वाच."

मी आधी मनात वाचलं. 'हे गृहस्थ तीन वर्षं रोज दुपारी येतात. एकच वस्तू घेतात, वजन होईपर्यंत थांबतात आणि जातात. यांच्याबरोबर मी कधी कोणाला पाहिलं नाही.'

'अतिशय प्रामाणिक गिऱ्हाईक' असं काहीतरी सहज ठोकून देता आलं असतं. आबांना कुठून कळणार होतं? पण ते माझ्या तोंडाकडे बघत होते, मघाशी काट्याकडे बघत होते तसे. मी जसंच्या तसं वाचलं.

"बरोबर लिहिलंय," ते म्हणाले.

"आबा, एकच वस्तू का घेता?"

"सगळं एकदम आणलं तर उद्या कशाला जाऊ?"

हे त्यांनी किती वाजले ते सांगावं तशा आवाजात सांगितलं आणि लिंबू खिशात टाकलं.

शुक्रवारी मी अर्ज दिला. खिडकीतल्या कारकुनाने सही आहे एवढंच पाहिलं आणि ठप्पा मारला. त्या दोन ओळी त्याने वाचल्याच नाहीत. दाखला आठवड्यात येईल, म्हणाला. एका वर्षापुरता. पुढच्या वर्षी परत सही लागणार.

सोमवारी शाळेनंतर माझा सराव असतो. मंगळवारीही असतो. बुधवारी मी आबांबरोबर गेले. आम्ही एक गाजर घेतलं. बाईंनी पाटी वळवली, आमच्या दोघांकडे पाहिलं आणि आकडा सांगितला. मी पाटीवरचा आकडा पाहिला आणि आबांसारखी मान डोलावली.