दुसरा स्लॉट

“मॅडम, आठ जीबीची टाका. कॉम्प्युटर पळंल नुसता.” पिंपळे गुरवच्या दुकानात सुजितनं मेमरीची चकचकीत पट्टी काउंटरवर ठेवली.

विजयश्रीनं पर्समधून जुनी पट्टी काढून तिच्याशेजारी ठेवली. “खाच बघ. वेगळ्या जागी आहे, बसणारच नाही. मला डीडीआर-थ्री हवी. दोन-दोन जीबीच्या दोन, एकाच कंपनीच्या. चारच्या वर आमच्या विंडोजला दिसत नाही.”

“एवढा जुना? म्युझियमला द्या की.”

“आधी तू पट्ट्या तपासून दे.”

सुजित हसला आणि वापरलेल्या मालाचा डबा उघडून बसला.

चाकणच्या वर्कशॉपमध्ये सुटे भाग मोजणारं मशीन त्या कॉम्प्युटरवर चालायचं. त्याचं सॉफ्टवेअर दुसऱ्या कशावरच चालत नव्हतं. नव्या ऑर्डरचं ड्रॉइंग उघडलं, की कॉम्प्युटर अडकून बसे. मालक यशवंतराव म्हणाले होते, “उद्या गिऱ्हाईक तपासाय येतंय. त्याच्यासमोर अडकला, तर मोजणी बाहेरनं करून घिऊ अन् ही खोली मोकळी करू. तुमाला स्टोअर हाय की.” विजयश्रीला मिलिमीटरचा हजारावा भाग मोजायची सवय होती. स्टोअरमध्ये खोकी मोजायची होती.

दुपारी तिनं दोन्ही पट्ट्या कॉम्प्युटरच्या आतल्या दोन स्लॉटमध्ये बसवल्या. कॉम्प्युटर सुरू झाला नाही, नुसता बीप-बीप वाजत राहिला.

“म्हातारं रडाय लागलं,” यशवंतराव दारातून म्हणाले. “ऱ्हाऊ द्या आता, ताई.”

“थोडं थांबा, शेठ.”

तिनं एकच पट्टी पहिल्या स्लॉटमध्ये लावली. चालला. ती काढून दुसरी लावली. चालला. म्हणजे निवड बरोबर होती. दुसऱ्या स्लॉटमध्ये मात्र दोन्हींपैकी एकही चालेना. तो आजवर रिकामाच होता. तिनं मोबाइलचा उजेड आत धरला. तळाशी लाल भुकटी बसली होती.

कुंकू.

खंडेनवमीला बाकीचे मशीनला बाहेरून हळदकुंकू लावायचे. तिच्या आधीपासून या खोलीत काम करणारे ज्योतीराम मात्र कॉम्प्युटरचं झाकण उघडायचे. “काम आतलं करतंय, डब्याची कशाला पूजा?” म्हणत चिमूटभर आत सोडायचे. “काका, आत नको,” असं ती दरवर्षी म्हणायची. मोजणीचं मशीन चालवायला तिला त्यांनीच शिकवलं होतं. गेल्या उन्हाळ्यात ते वारले.

तिनं बारीक ब्रश फिरवला, मग स्पिरिटचा बोळा. स्लॉट वाळू दिला आणि दोन्ही पट्ट्या पुन्हा दाबून बसवल्या. कॉम्प्युटर सुरू झाला. ड्रॉइंग पूर्ण उघडलं. तिनं ते माउसनं सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिलं.

“चाललं की,” यशवंतराव आत आले. “काय झालतं?”

विजयश्रीनं लाल झालेला बोळा मुठीत धरला. “धूळ होती.”

“मग उद्या हितंच मोजायचं?”

“इथंच.”

ते गेल्यावर ती झाकण लावायला वाकली. आतल्या पत्र्यावर, पंख्याशेजारी, कुंकवाचं एक बोट उमटलेलं होतं. तिथे विजेचा काही संबंध नव्हता. तिनं ते राहू दिलं आणि झाकणाचे स्क्रू एकेक करून आवळले.