वाऱ्याचा डोळा

"सर, विंडो हा शब्द आला कुठून?"

इंग्रजीच्या सरांना अभ्यासक्रमाबाहेरचं काहीतरी विचारून दाखव, अशी पैज भोंगा आणि टिकली या माझ्या मैत्रिणींनी लावली होती. शब्द मात्र माझा. दोन दिवस डोक्यात तेवढंच होतं, कारण उद्या गवंडीकाका येऊन माझ्या खोलीची खिडकी बुजवणार होते. "परीक्षेचं वर्ष, आणि बाईसाहेब तासन्‌तास बाहेर बघत बसतात," असं आईचं म्हणणं. तिथे कपाट येणार होतं.

वर्ग खिदळला. पण सरांनी जाडजूड शब्दकोश काढला, पानं उलटली आणि हळूच म्हणाले, "वाऱ्याचा डोळा. उत्तरेकडच्या जुन्या दर्यावर्दी लोकांच्या भाषेतून आलाय. तेव्हा काच नव्हती. घराला नुसतं भोक, धूर बाहेर जायला, उजेड आत यायला."

"वाचलीस गं!" भोंगा कुजबुजली, म्हणजे अख्ख्या वर्गाला ऐकू गेलं. मला ते फार लांबून आल्यासारखं वाटलं. मी एका बर्फाळ घरात पोचले होते, आणि वरून वारा माझ्याकडे बघत होता.

घरी आले तर बाबा माझ्या खोलीत टेप घेऊन कपाटाचं माप घेत होते. बाबा सुतार. खिडकीची चौकट बसवली की वारा आत शिरतो का ते बघायला ते फटीपाशी सुताचा धागा धरतात. धागा हलला की रंधा परत हातात. त्यांच्या खिशातला धागा मी ओढून घेतला, खिडकी सताड उघडली आणि वरच्या कडीला बांधला. आधी तो गप्प लोंबला. मग हलायला लागला, सावकाश, झोपेतून उठणाऱ्या माणसाच्या पापणीसारखा.

मी सरांचं सगळं सांगितलं. बाबांचा टेप सर्रकन मिटला.

"ही चौकट तुझ्या जन्माआधी केली मी," ते म्हणाले.

"म्हणजे माझी ताईच की!"

"झालं! आता हिला ताई पण मिळाली," आई दारातून म्हणाली. "आणि कपडे कुठे ठेवणार? अभ्यासाचं काय?"

धागा हलतच होता. मी कमरेवर हात ठेवले.

"आई, बाबा, माझं ठरलंय. कपाट माझ्या पलंगाच्या जागी लावा, मी खाली झोपेन. अभ्यास खिडकीकडे पाठ करून करेन, अगदी परीक्षा संपेपर्यंत. पण गवंडीकाकांना आत्ताच नको म्हणून सांगा. ताईचा डोळा मिटायचा नाही."