निळ्या फरशीतला हौद

मी हौद बोलतोय. मला तरणतलाव म्हणायचं, असा मालकाचा आग्रह आहे. जाहिरातीत तर त्याच्याही पुढं जाऊन काय काय लिहिलंय. पण तुमच्यापाशी कशाला खोटं बोलू? एखाद्या खेडवळ म्हाताऱ्याला नातवाचा निळा कोट चढवून लग्नघरात मिरवायला पाठवावं, तसा मी आहे. आत जुना दगड, वर चकचकीत फरशी. कोट काखेत दाटतो आणि म्हातारा उगीच हसत राहतो.

माझा जन्म मायोर्का बेटावरचा, सोयेरच्या डोंगरउतारावरचा. आमच्याकडे संत्र्यांच्या बागा पायरीपायरीनं खाली उतरत जातात आणि अगदी शेवटी समुद्राची एक पट्टी दिसते. आत्ताचे मालक तोफोल, त्यांच्या आजोबांनी मला बांधलं. दगड ओढ्यातला, चुना घरच्या भट्टीतला. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी पाटानं यायचं. शनिवारी सकाळी आमची पाळी. ते पाणी पोटात साठवायचं आणि आठवडाभर खालच्या झाडांना पाजायचं, एवढंच माझं काम. तळाशी भिंतीला एक तोंड होतं, त्यात लाकडाचं बूच ठोकलेलं. बूच काढलं की पाणी पाटात, पाटातून झाडांच्या आळ्यात.

देखणा मी कधीच नव्हतो. अंगावर शेवाळ, पोटात बेडूक. गाढव पाणी प्यायला यायचं, माझ्यात स्वतःचं तोंड बघायचं आणि दोष माझाच असल्यासारखं फुरफुरायचं. कलिंगडं माझ्यात गार व्हायची. बायका कडेला धुणं धुवायच्या आणि गावात कुणाचं कुणाशी जमलं, कुणाचं फिसकटलं, ते सगळं माझ्या कानावर घालायच्या. पोरं पाठीला भोपळा बांधून पोहायला शिकायची. तोफोल त्यातलाच एक. त्याची आई कोलोमा काठावरून ओरडायची, "अरे पाय मार, पाय! भोपळा पोहतोय, तू नाहीस!"

वसंतात कोलोमा मला रिकामा करायची. आत उतरून घासूनपुसून काढायची आणि भेगांना चुना लावायची. दारात चुन्याची पांढरी गोणी दिसली, की वर्ष फिरलं हे मला कळायचं.

मग दिवस पालटले. संत्र्यांना कुणी विचारेना. फळं झाडाखालीच पडून सडू लागली. तोफोलचे वडील गेले, घराचं छप्पर गळायला लागलं. शेजारच्या घरांतून मात्र उन्हाळ्यात परदेशी पाहुण्यांचे हसण्याचे आवाज यायला लागले. एक दिवस तोफोल माझ्या काठावर बसून आईला म्हणाला, "आई, आपणही उन्हाळ्यापुरतं घर भाड्यानं देऊ."

"आपल्या घरात परकी माणसं?"

"नाही दिलं तर छप्पर बसेल खाली. मग आपणही परकेच."

"आणि मी कुठं राहू?"

"खालच्या खोलीत. संत्री भरून ठेवायचो ना, तिथं. चांगला रंग देतो."

"इतकी वर्षं संत्री राहिली तिथं, त्यांना नाही कधी रंग दिलास," कोलोमा म्हणाली. पण गेली राहायला.

आता घर भाड्यानं द्यायचं तर पोहायला तलाव हवा. नवा खणायला डोंगराचा खडक फोडावा लागला असता. तेव्हा तोफोलची नजर माझ्यावर पडली. उतारवयात बाशिंग बांधायची वेळ आली म्हणतात, ती ही!

गियेम गवंडी आला. त्यानं माझं शेवाळ खरवडलं, बेडकांना बादलीत घालून ओढ्यात सोडलं आणि मला आतून निळ्या बारीक फरशीनं मढवलं. तळाच्या तोंडापाशी मात्र तो थांबला.

"हे बुजवून टाक," तोफोल म्हणाला.

"हौदाचं तोंड बुजवणारा गवंडी या खोऱ्यात अजून जन्मायचाय," गियेम म्हणाला. "माझा बाप थडग्यातून उठून येईल. मी आतून जाळी बसवतो. बाहेरचं बूच आहे तसं राहू दे."

तोफोल जाळी आणायला गेला. तोही याच खोऱ्यातला.

मग पाणी स्वच्छ ठेवायचं यंत्र आलं. ते मिठावर चालतं. तोफोलनं पांढऱ्या गोण्या आणून माझ्यात रिकाम्या केल्या. खालच्या खोलीच्या दारातून कोलोमानं ते बघितलं आणि कोंबड्यांना म्हणाली, "बरं झालं बाई, चुना घालायला विसरला नाही पोरगा." कोंबड्या काय दुरुस्त करणार तिला? पुढं दरवर्षी पांढऱ्या गोण्या आल्या आणि दरवर्षी ती तेच म्हणाली. माझ्या पाण्याला तिनं कधी बोट लावलं नाही. ते पाहुण्यांचं पाणी.

फोटो काढणारा आला तो जमिनीवर पालथा पडला आणि तिथून त्यानं मला टिपलं. त्या फोटोत मी दिसतो सरोवरासारखा. पाहुणे गाडीतून उतरतात, धावत येतात आणि म्हणतात, "हा एवढाच?" तेव्हा कुठं तोंड लपवावं कळत नाही. हौदाला तोंड असतं ते तळाशी, आणि तेही बूच मारलेलं.

पण माणसं मोठी गमतीची असतात. समुद्र हवा म्हणून दूरदेशाहून येतात आणि समुद्राकडं पाठ करून माझ्या कडेला झोपतात. पहाटे उठून आरामखुर्चीवर टॉवेल टाकून जागा धरतात. घरात दुसरं कुणी नसतं, जागा धरायची ती आपल्याच बायकोपासून. रबराचा गुलाबी बगळा फुगवून त्यावर बसतात आणि फोन बघतात. मी आपला त्यांना खालून अलगद तोलून धरतो. एके काळी कलिंगडं धरायचो. फार फरक आहे असं नाही.

मागच्या उन्हाळ्याआधी पाऊसच झाला नाही. झरा बारीक झाला. शनिवारच्या पाळीला करंगळीएवढी धार यायची. तेवढ्यात एक तर मी भरायचो, नाही तर झाडं भिजायची. दोन्ही होणं शक्य नव्हतं. झाडांनी पानं सुरळीसारखी वळवून घेतली.

"या शनिवारचं पाणी झाडांना दे," कोलोमा म्हणाली.

"आई, फोटोत हौद काठोकाठ आहे. पाणी खाली गेलं की पाहुणे तक्रार लिहितात. एकानं लिहिली की पुढचा उन्हाळा घर रिकामं."

"आणि झाडं लिहीत नाहीत, म्हणून त्यांची तक्रार नाही?"

तोफोल मान खाली घालून यंत्राशी खुडबुड करत राहिला. दोन शनिवार पाणी माझ्याकडंच आलं. मी ढेरी भरून पडून होतो आणि खाली माझीच लेकरं तहानेनं उभी होती. आरशासारखा चमकत होतो म्हणे मी त्या दिवसांत. लाज चमकते का, मला माहीत नाही.

त्या आठवड्यात जर्मनीचं एक कुटुंब उतरलं होतं. त्यातले आजोबा, वेर्नर, रोज सकाळी माझ्यात सावकाश पोहायचे. दर फेरीला थोडं पाणी गिळायचे आणि खोकायचे. शुक्रवारी दुपारी मुलगा, सून, नातवंडं गावात गेली. तोफोल धुतलेल्या चादरी आणायला गेला. गुडघा दुखतो म्हणून वेर्नर आजोबा तेवढे मागं राहिले आणि खुर्चीत डुलक्या घेऊ लागले.

तेव्हा कोलोमा आली. एका हातात कुदळ, दुसऱ्यात हातोडा. माझ्या भिंतीशी वाकली आणि म्हणाली, "चल रे, पुष्कळ नटलास. आता कामाला लाग."

दोन घाव घातले आणि बूच उपटलं.

काय सांगू तुम्हाला! इतक्या वर्षांनी माझं तोंड उघडलं. पाणी धो धो पाटात पडलं, कोरडी माती चुरचुरली, कोलोमा उड्या मारत पुढं जाऊन एकेका आळ्याकडं पाणी वळवायला मातीची दारं मोडायला लागली. क्षणभर मी विसरूनच गेलो की मी आता कोण आहे. मग आठवलं. माझ्या पोटात पाणी नव्हतंच. मीठ होतं. संत्र्याच्या झाडाला मीठ म्हणजे विष. आणि ते विष मी जुन्याच वाटेनं, जुन्याच मायेनं त्यांना पाजायला निघालो होतो. ओरडलो असतो, पण मला एकच तोंड, आणि त्यातून तेच वाहत होतं.

वर वेर्नर आजोबांना जाग आली. बघतात तो पाणी पायरी सोडून खाली चाललेलं. पोहायच्या चड्डीवरच लंगडत ते खाली आले. पाट बघितला, झाडं बघितली आणि दोन्ही हात हलवत ओरडायला लागले. आमच्या भाषेतले त्यांना खानावळीपुरते शब्द येत होते. "बाई! मीठ द्या! मीठ द्या!"

"आत्ता?" कोलोमा कुदळ टेकून म्हणाली. "अहो पाहुणे, ही काय जेवायची वेळ आहे? स्वयंपाकघरात बरणी आहे, घ्या जाऊन."

"मीठ द्या! मीठ द्या!"

"आणि पाण्यावरून ओरडत असाल तर ओरडा! तुमच्या डुंबण्यापेक्षा माझी झाडं मोठी आहेत!"

आजोबांनी खाली वाकून पाटातलं ओंजळभर पाणी घेतलं, पिऊन दाखवलं, तोंड वाकडं केलं आणि ओली ओंजळ तिच्यापुढं धरली. कोलोमानं त्यांच्याकडं वेड्याकडं बघावं तसं बघितलं. मग बोट बुडवून जिभेला लावलं.

तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही. डोळ्यांतल्या पाण्याची चव आणि माझी चव एकच होती.

पुढं काय ती धावली! सत्तरी ओलांडलेली बाई. कुदळीनं पाट फोडून तिनं पाणी ओढ्याच्या घळीकडं वळवलं. पण सगळ्यात वरचं, सगळ्यात जुनं झाड तोवर प्यायलं होतं. इकडं बूच काही केल्या परत बसेना, तेव्हा वेर्नर आजोबा पाठ लावून माझ्या तोंडावरच बसले. मंडळी गावातून परतली तेव्हा हे दृश्य: हौद अर्धा रिकामा, आजोबा चिखलात बसलेले आणि घरमालकाची आई त्यांच्या कमरेशेजारी हातोडा चालवतेय.

तोफोल पोचला तो पांढराफटक पडला.

"माझ्या हौदात मीठ घातलंस तू," कोलोमा हळू आवाजात म्हणाली.

"आई, यंत्राचं सांगितलं होतं ना मी!"

"यंत्राचं सांगितलंस. मिठाचं नाही सांगितलंस."

झाड वाचवायचं तर मुळाशी गेलेलं मीठ गोड्या पाण्यानं धुऊन काढायला हवं होतं. तेही लगेच, तेही भरपूर. आणि गोडं पाणी म्हणजे उद्याची पाळी, तेवढंच.

शनिवारी सकाळी पाटाच्या फाट्यावर सगळे जमले. तोफोल हातात फळी घेऊन उभा. फळी इकडं लावली तर पाणी माझ्याकडं, तिकडं लावली तर झाडांकडं. वेर्नर आजोबांचा मुलगा म्हणाला, "आम्ही तलावाचं घर घेतलंय. अर्ध्या खड्ड्याचं नाही."

खड्डा! पाहुण्यांपैकी पहिल्यांदाच कुणी मला खऱ्या नावानं हाक मारली.

वेर्नर आजोबा मुलाला म्हणाले, "समुद्र तो काय तिथं दिसतोय. आल्यापासून कुणी पाय तरी बुडवलाय का त्यात? चला, उठा." मुलगा कुरकुरला. तक्रार लिहीनच म्हणाला, आणि पुढं त्यानं ती लिहिलीही. तोफोल आईकडं बघत होता. कोलोमा झाडाजवळ जाऊन आळं मोठं करायला लागली.

तोफोलनं फळी लावली. पाणी झाडांकडं गेलं.

पुढचे कित्येक दिवस मी अर्ध्या पोटानं डबक्यासारखा पडून होतो. गुलाबी बगळा एका कुशीवर कलंडलेला. असं ध्यान दिसत होतो की पाखरंही दुसरीकडं पाणी प्यायला गेली. पण सुखात होतो.

ते जुनं झाड अर्धं वाळलं. उरलेल्या अर्ध्याला यंदा फुलं आली. त्याचा वास वाऱ्यानं माझ्यावरून जातो तेव्हा मी अगदी स्थिर राहतो.

मी पुन्हा नुसता हौद झालो, असं समजू नका. छप्पर भाड्यावरच उभं आहे. निळा कोट अंगावर आहे, मीठ आहे, पाहुणेही आहेत; थोडे कमी, पण आहेत. फक्त शनिवारची पाळी आता पहिल्यांदा झाडांची. उरलं तर माझं. तोफोलनं जाहिरातीतसुद्धा तसं लिहिलंय. ते वाचूनही येतात ती माणसं मला आवडतात.

तुम्ही कधी आलात, तर एवढंच मागणं आहे. उडी मारायच्या आधी जरा वाकून बघा. पाणी काठापासून हातभर खाली असलं, तर मालकाला हाक मारू नका. पायऱ्यांनी सावकाश उतरा. खाली झाडं पीत असतील.