तळाची रेती

पाण्यात बुडालेला माणूस वर येतोच, हे सुलोचनाबाईला कुणी शिकवण्याची गरज पडली नव्हती. जाळं टाकून जगणाऱ्या ढिवरांच्या घरात जन्मलेली आणि तशाच घरात दिलेली. वैनगंगेनं नेलेली माणसं दोन-चार दिवसांत तरंगून काठाला लागताना तिनं डोळ्यांनी पाहिली होती. त्यामुळे रत्नागिरीकडे मासेमारीच्या बोटीवर कामाला गेलेला तिचा मुलगा कैलाश समुद्रात पडला आणि सापडलाच नाही असा फोन आला, तेव्हा गोसीखुर्दच्या धरणग्रस्तांचं सगळं गावठाण रडलं, ती मात्र रडली नाही. वर आला नाही म्हणजे बुडालाच नाही, कुठल्यातरी बोटीनं उचलला असेल, असा तिचा सरळ हिशेब.

दीर टिकाराम कैलाशच्या तेराव्याचं, तेरवीचं बोलायला आला की ती त्याला चहा पाजायची आणि वाटेला लावायची. लोक म्हणायचे, बाईचं डोकं फिरलं. म्हणेनात का! रात्री त्या रिकाम्या घरात तिच्यासोबत बसायला लोक थोडेच येत होते.

दिवाळीला धर्मेंद्र गावी आला. गावातलंच पोरगं, तोही कैलाशच्याच बोटीवर कामाला होता. आल्यापासून तिची नजर चुकवत फिरला. शेवटी तीच त्याच्या ओट्यावर जाऊन बसली. आधी काम कसं, जेवण कसं, असं इकडचं तिकडचं विचारलं. तो बापडा मोकळा झाला. जाळं पार तळाला घासत नेतात, वर ओढलं की मासळीपेक्षा काळा चिखलच जास्त, तो धुता धुता कंबर मोडते, असं सांगत बसला.

मग तिनं विचारलं, कैलाश वर काहून नाही आला.

धर्मेंद्रनं मान खाली घातली. समुद्र म्हणजे आपलं धरण नव्हे, म्हणाला. कैलाशला बुडताना त्यानं स्वतः पाहिलं होतं. हात द्यायला गेला, पण पुरला नाही. बोटी पुष्कळ फिरल्या. तिथली ओढ माणसाला कुठच्या कुठं नेते, आणि खोल, थंड पाण्यात गेलेला वर येत नाही.

सुलोचनाबाईचा एवढे दिवस जिवापाड जपलेला हिशेब गेला. पाणी अडवल्यापासून इथल्या नदीची रेती गाळाखाली गेली होती, आणि त्या गाळात पाय रुतला की अंगावर कसा काटा येतो, ते तिला ठाऊक होतं.

"खाली काय आहे रे?" तिनं विचारलं. "माह्या पोराच्या अंगाखाली?"

"रेती आहे, मावशी. पांढरी. मऊ."

बोलताना त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. मघाचा चिखल तो विसरला होता. ती विसरली नव्हती. पोरगं आपल्याला सांभाळून घेतंय, हे तिला कळलं. कैलाश गेल्यापासून तिला असं कुणी सांभाळलं नव्हतं, म्हणून तिला पहिल्यांदा रडू आलं.

"रेती असन त बरं," पदरानं डोळे पुसत ती म्हणाली. "टिकारामले निरोप दे. म्हणावं, तेरवी करून घेऊ आता."