न नेलेली पावलं

“पाय सरळ वर उचल. मागे ओढलास तर टाच फाटेल,” प्लास्टरकाका म्हणाले आणि मुलीचा घोटा दोन बोटांत धरून त्यांनी तो ओल्या मातीतून अलगद वर काढला. परातीतल्या मातीत पाच बोटं, चवडा आणि टाच उमटली होती. मुलगी वाकून बघत राहिली. तिचे आजोबा तिच्याहून जास्त वाकले.

“हा माझा पाय?”

“मग काय माझा? माझा घातला तर परात पुरायची नाही.”

रांगेतले आईबाप हसले. काकांचा हा विनोद दर रविवारी दहा वेळा होई आणि दहाही वेळा चाले, कारण रांगेतली माणसं दर वेळी नवी असत. निसर्ग-इतिहास संग्रहालयातला हा रविवारचा कार्यक्रम खास कुटुंबांसाठी होता. कोट्यवधी वर्षांपूर्वी एक जनावर चिखलातून चालत गेलं, चिखल वाळला, त्यावर गाळ बसला, सगळ्याचा दगड झाला. जनावर गेलं आणि पाऊल राहिलं. एवढं नुसतं सांगून मुलांच्या डोक्यात शिरत नाही. म्हणून त्यांचाच पाय मातीत ठेवायचा आणि त्या खळग्यात प्लास्टर ओतायचं. ते घट्ट होत आलं की मुलानं त्याच्या पाठीवर खिळ्यानं आपलं नाव कोरायचं. ठसा आठवडाभर मांडणीवर वाळायचा आणि पुढच्या रविवारी घरच्यांनी येऊन तो न्यायचा.

काका मूळचे साचे करणारे. मासे, साप, बेडूक यांच्या प्रतिकृती करण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. मुलांचा हा कार्यक्रम संग्रहालयाच्या प्रमुख मॅडमनी त्यांच्या गळ्यात मारला तेव्हा त्यांनी महिनाभर कुरकुर केली. आता मात्र रविवारी पहारेकऱ्याच्या आधी तेच दारात उभे असत. त्यांची बायको म्हणे, “घरी एक कप विसळत नाही हा माणूस, आणि तिकडे लोकांच्या पोरांचे पाय धुतो.” त्यावर काका मिशीतल्या मिशीत हसून मोकळे होत.

ती बाई रांगेत एकटीच होती. मूल बरोबर नसलेलं माणूस या रांगेत सहसा येत नाही. मागून कुणी आलं की ती त्याला पुढे जाऊ देई आणि पुन्हा शेवटी उभी राही. असं करता करता अकराची तुकडी संपली, पाय धुण्याच्या बादलीपाशी दोन भावंडांची भांडाभांडी उरली, तेव्हा ती टेबलापाशी आली.

“ठसा न्यायचा होता,” ती म्हणाली. “मुलाचा. जरा उशीर झाला.”

“कधी केला होता?”

तिनं तारीख सांगितली. आठवावी लागली नाही. काकांनी बोटांवर महिने मोजले, अकरा भरले. टेबलामागच्या भिंतीवर मॅडमनी ठळक अक्षरांत पाटी लावली होती, की तीन महिन्यांत न नेलेले ठसे मोडण्यात येतील. काकांनी पाटीकडे पाहिलं. तिनंही पाहिलं.

“वाचलं मी ते,” ती म्हणाली. “तरी म्हटलं, विचारून बघावं.”

उशिरा येणाऱ्या आईबापांसाठी काकांनी एक टोला राखून ठेवला होता. तो आजवर कुणाला लागला नव्हता. लोक ओशाळून हसत आणि ठसा घेऊन जात. तोच त्यांनी आताही मारला.

“ताई, अजून थोडं थांबायचं होतंत. पोरगा कॉलेजात गेला असता आणि स्वतःच येऊन घेऊन गेला असता.”

बाई हसली नाही, रागावलीही नाही.

“तो नाही आता,” ती म्हणाली.

बादलीपाशी भावंडं अजून भांडत होती. काकांनी हातातला खिळा टेबलावर ठेवला, पुन्हा उचलला, परत ठेवला. जीभ हासडून टाकावी असं त्यांना वाटलं. तीस वर्षांत एवढं लाजिरवाणं वाक्य त्यांच्या तोंडून गेलं नव्हतं, आणि गेलं ते नेमकं हिच्यापुढे.

“त्याच आठवड्यात ताप आला,” बाई जणू त्यांचीच अडचण सोडवत असल्यासारखी बोलू लागली. “मग दवाखाना. चार महिने तिथेच होतो. तुमचे फोन आले असतील, पण तेव्हा कुणाचेच फोन घेत नव्हतो. नंतर मग या बाजूला यायला जिवावर यायचं.” तिनं खांद्यावरची पिशवी सारखी केली. “बूट आहेत घरी त्याचे. दोन जोड. पण बुटात पाय नसतो ना.”

“बसा तुम्ही,” काका म्हणाले. “त्या दालनात बाक आहे, तिथे बसा. मी बघतो.”

बघायचं काही नव्हतं, हे त्यांना नोंदवही उघडण्याआधीच ठाऊक होतं. तरी त्यांनी ती उघडली. नाव. वय पाच. डावा पाय. पुढे काकांच्याच अक्षरात होतं, “दोनदा फोन केला, उचलला नाही.” आणि त्यापुढे लाल पेन्सिलीची फुली. फुली म्हणजे मोडला. गेल्या हिवाळ्यात मधल्या दालनात लांब मानेच्या डायनासोरसाठी खोटी टेकडी उभारायची होती, आत भरायला भर हवी होती. मॅडम म्हणाल्या, न नेलेले ठसे आहेत ना पडून, तेच घाला. काकांनी मागच्या अंगणात बसून एका दुपारी चाळीस-पन्नास पावलं हातोडीनं फोडली होती. काम करताना शीळही घातली असेल. त्यांना ती सवयच होती. वर जाळी ताणली, तपकिरी रंग मारला, सुकं गवत चिकटवलं. बघणाऱ्याला टेकडी अगदी खरी वाटे.

बाई बसली होती तो बाक त्या टेकडीच्या समोरच होता.

सांगून टाकायचं, असं ठरवूनच काका दालनाकडे निघाले. खोटं बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. साचेवाल्याला खोटं परवडत नाही, साच्यात असेल तेच बाहेर येतं. ताई, नियमाप्रमाणे मोडला, चूक झाली, हात जोडतो. एवढंच म्हणायचं होतं. दारातून त्यांना ती दिसली. तिनं खांद्यावरची पिशवी मांडीवर घेतली होती आणि तिच्यातून एक छोटा पिवळा टॉवेल काढून ती तो मांडीवर पसरत होती. ठसा वाटेत फुटू नये म्हणून गुंडाळून न्यायला तिनं तो घरून आणला होता. टॉवेलाच्या एका कोपऱ्यात बदकाचं चित्र होतं. तिनं सगळे कोपरे सरळ केले आणि वर पाहिलं.

“सापडला?”

“मागच्या खोलीत असेल,” काका म्हणाले. “पाच मिनिटं द्या.”

मागच्या खोलीत मांडणीवर तीसेक ठसे वाळत होते. काकांनी ते एकेक करून पालथे-उताणे केले. हा मोठा, हा उजवा, याचा अंगठा राक्षसाचा. असं करत खालच्या फळीवर त्यांना एक डावा पाय मिळाला, पाच-सहा वर्षांच्या मुलाचा, नीट उमटलेला. दीड महिना झाला होता, न्यायला कुणी आलं नव्हतं. पाठीवर तीन अक्षरी नाव कोरलेलं होतं, शेवटचं अक्षर जागा न पुरल्यामुळे खाली घसरलेलं.

काकांनी दार लोटून घेतलं. खणातून काचकागद काढला. नाव घासताना आपण काय करतोय हे त्यांना पुरतं कळत होतं. आधी काना गेला, मग उरलेलं. पांढरी पूड त्यांच्या बाहीवर बसली. एका पोराचा पाय आपण फोडला आणि दुसऱ्याचं नाव पुसतोय, अशी अवदसा आपल्याला का आठवली, असं त्यांच्या मनात आलं. पण हात थांबला नाही. त्यांनी पूड फुंकली, ठसा ओल्या फडक्यानं पुसला आणि बाहेर आणला.

बाईनं तो दोन्ही हातांनी घेतला. काही वेळ तिनं नुसतं त्याचं वजन घेतलं. मग ती एकेका बोटावरून आपलं बोट फिरवत गेली, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, आणि पुन्हा उलटी अंगठ्यापर्यंत.

“माती गार लागली म्हणून पाय काढेचना तो,” ती म्हणाली. “मागे एवढी रांग. तुम्ही म्हणालात, राहू दे, इथेच उभा राहा, दगड झालास की तुलाच काचेत ठेवू.”

“आठवतं,” काका म्हणाले.

आठवत काहीच नव्हतं. गार मातीतून पाय न काढणारी पोरं दर रविवारी चार तरी असत, आणि दगड करून काचेत ठेवायची धमकी काका प्रत्येकालाच देत. पण ‘आठवतं’ म्हटल्यावर तिचा चेहरा असा उजळला की काकांना मान खाली घालावी लागली.

“घरी येईपर्यंत विचारत होता, काचेत ठेवल्यावर जेवायला देतात का. त्याच्या बाबांनी सांगितलं, फक्त भाजी देतात. मग म्हणाला, नको, मी घरीच राहतो.”

ती हसली. हसता हसताच तिनं ठसा उलटा केला. पाठ कोरी होती. तिनं तिच्यावरून तळवा फिरवला, मग हात उचलून बोटांची टोकं पाहिली. त्यांना पांढरी पूड लागली होती. तिनं अंगठ्यानं ती चोळली.

“नाव?”

“दमट असते ना मागची खोली,” काका म्हणाले. “पुसट होतं कधीकधी.”

ठसा पुन्हा सुलटा करून तिनं तो आपल्या डाव्या हातावर ठेवला. टाच मनगटापाशी आली आणि अंगठा मधल्या बोटाच्या टोकापाशी. नखं कापताना मुलाचा पाय हातात घेतात, तसा तिनं तो धरला होता. दालनात कुणीतरी वडील आपल्या मुलाला डायनासोरची शेपटी कुठे संपते ते दाखवत होते. बाई डोळे मिटून बसली होती, आणि काका तिच्यासमोर शाळेत उभं केलेल्या पोरासारखे उभे होते.

मग तिनं ठसा टॉवेलावर ठेवला, एकेक कोपरा आत घेतला, बदकाचा कोपरा शेवटी वर आला. पिशवी खांद्याला लावली, पण गाठोडं पिशवीत ठेवलं नाही, हातातच घेतलं. काका तिच्याबरोबर मोठ्या दारापर्यंत गेले. बाराच्या तुकडीची कुटुंबं तिकीटखिडकीपाशी जमायला लागली होती; एक बाळ बापाच्या खांद्यावर झोपलं होतं आणि त्याचा एक मोजा खाली पडला होता. बाईनं वाकून तो उचलला, बापाच्या हातात दिला आणि मागे वळली.

“काका, त्यानं नाव फार खोल कोरलं होतं,” ती हळू आवाजात म्हणाली. “नुकताच लिहायला शिकला होता, सगळीकडे नाव लिहीत सुटायचा. खिळा आरपार जाईल म्हणून तुम्ही त्याचा हात धरला होतात.”

काकांची नजर आपल्या बाहीवरच्या पांढऱ्या पुडीवर गेली.

“मोडलात ना तो?”

“हो,” काका म्हणाले. “मीच. या हातांनी. मला सांगायचं होतं, ताई. सांगायलाच आलो होतो. टॉवेल बघितला आणि...”

तिनं मान हलवली. टॉवेल म्हटल्यावर तिला सगळं कळलं असावं. काकांनी गाठोडं परत घ्यायला दोन्ही हात पुढे केले. त्यांच्या नखांत अजून प्लास्टर होतं. ते तसेच हात पुढे करून उभे राहिले, पण बाईनं गाठोडं दिलं नाही. उलट ती अर्धं पाऊल मागे सरली आणि तिनं ते छातीशी घट्ट धरलं.

“माप तेच आहे हो,” ती म्हणाली.

बाराची घंटा झाली. मुलं आत पळाली आणि त्यांचे आईबाप त्यांच्या मागे. बाई त्या गर्दीतून वाट काढत दोन पायऱ्या उतरली, थांबली आणि काकांकडे न बघता म्हणाली,

“हा ज्या कुणाचा आहे, तो आला तर त्याला म्हणा, परत एकदा पाय ठेव.”