समासातले उत्तर

“तीनशे अठरा नंबर बाजूला काढ. तेवढा एकच,” सुनीतीबाई म्हणाल्या.

गठ्ठ्याची सुतळी सोडता सोडता संयुक्ता थांबली. “अक्का, अस्के फॉर्म जायचे आहेत, एकूणएक. एक राहिला तर यादी जुळायची नाहीं.”

“जुळेल. मी परत आणून देणार आहे.”

“मग काढायचा कशाला?”

सुनीतीबाईंनी हात पुढे केला. तळघराच्या पायऱ्यांपर्यंत यंत्राची घरघर ऐकू येत होती. नुंगंबाक्कममधल्या त्या संशोधनसंस्थेच्या अंगणात सकाळी नऊपासून एक लॉरी उभी होती. तिच्या पाठीवर कागद कातरण्याचे यंत्र होते आणि चौकड्याच्या टॉवेलाने नाकतोंड बांधलेला एक वयस्क माणूस त्यात मूठमूठ कागद सारत होता. पंचवीस वर्षांहून जुने फॉर्म नष्ट करावेत, असे परिपत्रक पंधरवड्यापूर्वी निघाले होते. आकडे संगणकात होतेच. कागदांचे आता काम नव्हते.

संयुक्ताकडे आज देखरेखीचे काम होते. ती तंजावरची. तिच्या घरातली मराठी तीनशे वर्षांपूर्वी दक्षिणेत उतरलेली, तमिळ हेलात मुरलेली. सुरुवातीला ती मराठीही सुनीतीबाईंना पुरती कळत नसे. कळायला वेळ लागतो, हे चेन्नईत आल्यावर त्यांना प्रत्येक बाबतीत शिकावे लागले होते. एका बाबतीत तो वेळ फार लागला होता.

फॉर्म हातात आला. कडा पिवळ्या पडल्या होत्या, पण निळी शाई ताजी दिसत होती. एन्नोरच्या कोळीवाड्यांतल्या सहाशे बारा बायकांची १९९७ सालची पाहणी. प्रश्न चौदावा: काम करताना धाप लागते का? त्यापुढे चौकट, चौकटीत लाल शाईने लिहिलेला दोनचा आकडा. एक म्हणजे होय, दोन म्हणजे नाही, नऊ म्हणजे उत्तर मिळाले नाही. आणि डाव्या समासात, बाईने उच्चारलेला शब्द जसाच्या तसा, तमिळ लिपीत: परवायिल्लै.

लाल दोन सुनीतीबाईंच्या हातचा होता.

सांगलीच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकून, नवऱ्याच्या, शरदचंद्रांच्या, बँकेतल्या बदलीबरोबर त्या चेन्नईला आल्या, त्याला तेव्हा दोन वर्षे झाली होती. संस्थेत हंगामी नोकरी लागली होती. काम असे की फॉर्मवरच्या उत्तरांना आकडे द्यायचे. तमिळ लिपी त्या जिद्दीने शिकल्या होत्या. बोली मात्र भाजीवाली शिकवील तेवढीच. चौदाव्या प्रश्नाच्या समासात तो एक शब्द पुन्हा पुन्हा येऊ लागला तेव्हा त्यांनी तो मनातल्या मनात उलगडला. इल्लै म्हणजे नाही. आणि परवा तर आपलीच. परवा नाही! म्हणजे चिंता नाही, तक्रार नाही. परक्या मुलखात ओळखीचे कुणी भेटावे तसा त्यांना आनंद झाला होता. आकड्यांच्या वहीत सातव्या पानावर त्यांनी सुबक अक्षरात लिहून टाकले: परवायिल्लै = नाही (२). बाकीच्या दोघी मुली ती वही पाहून भराभर आकडे टाकत गेल्या. त्या दोघी तमिळ होत्या. त्यांना अर्थ ठाऊक असणारच. पण वहीत लिहिले होते, आणि वही मॅडमची होती.

असे दोनशे एक्केचाळीस फॉर्म.

तीनशे अठराव्या फॉर्मची बाई त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. अंजलै तिचे नाव. काम कसे चालते हे बघायला त्या एकदाच एन्नोरला गेल्या होत्या, तेव्हाची गोष्ट. वाळूवर अंथरलेल्या जाळ्यावर अंजलै मासळी उलटीपालटी करत होती. मागे वीजकेंद्राच्या चिमण्यांचा धूर. दहा-बारा मासे उलटले की ती कमरेवर हात ठेवून उभी राही, तोंड उघडून वारा ओढी आणि पुन्हा वाके. विचारणाऱ्या मुलीने प्रश्न वाचला. अंजलै हसली, पदराने तोंड पुसले, “परवायिल्लै” म्हणाली आणि उलट तिनेच विचारले, “उन्हात कशाला उभ्या आहात दोघी? पाणी देऊ?”

सुनीतीबाईंनी ते हसणे पाहिले होते आणि तो श्वासही ऐकला होता. परत येऊन त्यांनी दोन लिहिला. जे सांगितले ते नोंदवायचे, जे दिसले ते नाही, असा नियम होता.

“अक्का, चौथ्या गावाचा गठ्ठा वर न्यायला सांगतात,” संयुक्ता म्हणाली. मग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून तिने आवाज उतरवला. “काय झालें?”

सुनीतीबाईंनी फॉर्म तिच्यापुढे धरला. “हा शब्द वाच. आणि पुढचा आकडा.”

संयुक्ताने वाचले. पुन्हा वाचले. “हा दोन कसा?”

“मला तेव्हा वाटलं, नाही म्हणतेय.”

“नाहीं कुठें म्हणाली ती? आमची पाट्टी, आजी माझी, ताप अंगांत असला तरी हेंच बोलती. आहे, पण चाललें आहे, तुम्हीं त्रास करून घेऊं नका…” बोलता बोलता तिच्या ध्यानात आले. “किती असे?”

“दोनशे एक्केचाळीस.”

“आणि तुम्हांला केव्हां कळलें?”

हा प्रश्न येणार, हे ठाऊक असूनही सुनीतीबाईंना तो सोसेना. “दोन हजार एकमध्ये,” त्या म्हणाल्या.

शेजारच्या मामींना पोटाचा कॅन्सर झाला होता. सुनीतीबाई रोज संध्याकाळी त्यांच्याकडे भात घेऊन जात. एकदा त्यांनी विचारले, “मामी, दुखणं कसं आहे आज?” गादीची कड मुठीत आवळून धरलेल्या मामी म्हणाल्या, “परवायिल्लै.” सुनीतीबाईंचे लक्ष त्या मुठीकडे गेले आणि तो शब्द काय सांगतो ते त्यांना कळले. नवव्या दिवशी मामी गेल्या. दहाव्या दिवशी सुनीतीबाई तेव्हाच्या प्रमुखांच्या दारापर्यंत जाऊन आल्या. एकदा नव्हे, तीनदा. जूनमध्ये त्यांना कायम करण्याचा कागद निघणार होता. चूक सांगितली असती तर तो निघाला असता की नाही, हे त्यांना आजही माहीत नव्हते. त्यांनी विचारून पाहिलेच नव्हते.

“बोलिलांत नाहीं?” संयुक्ताने विचारले.

“नाही.”

“इतकीं वर्षें?”

“आधी नोकरीचं भय होतं. मग त्यावर एकेक लेख निघत गेला, आणि त्या लेखांचंच भय वाटायला लागलं.”

लेख तीन विभागांनी लिहिले. आरोग्य विभागाने दाखवले की चिमण्यांच्या छायेतल्या वस्त्यांत धाप लागण्याच्या तक्रारी इतरत्र आढळतात तितक्याच आहेत. शिक्षण विभागाने तेच आकडे घेऊन त्या वस्त्यांतल्या मुली शाळेत का येत नाहीत याचा अभ्यास केला. आया आजारी नाहीत म्हटल्यावर कारण उरले ते पालकांची अनास्था. पोरी घरी राहून आईच्या वाटची मासळी उलटत असतील, हे कोणत्याच रकान्यात नव्हते. गणित विभागाला तर हे फॉर्म म्हणजे ठेवाच वाटला. इतकी मोठी पाहणी आणि एकही नऊ नाही! अपुरी माहिती भरून काढायच्या नव्या रीतीची परीक्षा त्यांवर घेतली गेली. काही उत्तरे मुद्दाम झाकायची आणि रीतीने ती ओळखायची. शंभरातली चौऱ्याण्णव तिने अचूक ओळखली. म्हणजे सुनीतीबाईंचे दोन अचूक ओळखले. सभागृहात टाळ्या झाल्या होत्या. “सुनीती मॅडमचा डेटा” हा शब्दप्रयोग तेव्हापासूनचा.

ती रीत शोधून डॉक्टरेट मिळवलेले वेंकटरमण आता संस्थेचे संचालक होते. पंधरवडाभर ते परगावी होते, हे खरे. त्यांच्याकडे फोन होता, हेही खरे. रोज सकाळी सुनीतीबाई ठरवत आणि रोज संध्याकाळी उद्यावर टाकत. चार दिवसांनी त्या निवृत्त होणार होत्या.

“साहेब अकराला आलेत,” त्या म्हणाल्या. “मी वर जाऊन येते. तोवर हा गठ्ठा थांबव.”

“थांबवायला माझी सही चालायची नाहीं, अक्का. धांवा.”

*

वेंकटरमणांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. मध्ये एकदा चष्मा काढून पुसला. फॉर्म उजेडाकडे धरून समासातला शब्द वाचला आणि तो वाचताना त्यांचे ओठ किंचित हलले. त्यांच्या मातृभाषेतला शब्द होता तो.

“मी इतकी वर्षं फक्त चौकटी पाहिल्या, मॅडम,” ते म्हणाले. “समास कुणी पाहिलाच नाही.”

“सर, समास कागदावरच आहेत. संगणकात ते कुणी भरले नाहीत. लॉरी थांबवा. मी निवृत्तीनंतर येऊन बसेन, एकेक फॉर्म पुन्हा तपासेन. मला काही नको.”

त्यांनी लगेच फोन उचलला, याबद्दल सुनीतीबाईंना पुढेही त्यांना दोष देता आला नसता. तमिळमध्ये दोन वाक्ये झाली. मग त्यांनी फोन ठेवला.

“सातांपैकी तीन गावं झाली आहेत. चौथं आत्ता सुरू झालं.”

“मग उरलेली तरी…”

“पहिली तीन कोणती होती?”

गावांना क्रमांक सुनीतीबाईंनीच दिले होते. नीटनेटके असावे म्हणून चिमण्यांपासूनच्या अंतराप्रमाणे. सगळ्यांत जवळचे गाव पहिले.

“जवळची,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे उरली ती लांबची. तेवढ्यावरून दुरुस्ती छापली तर काय दिसेल, तुम्हीच सांगा. लांबच्या गावांतही धाप, मग चिमण्यांचा काय संबंध? आधीच्या चुकीहून ही दुरुस्ती वाईट.”

गणित बरोबर होते. सुनीतीबाईंनी ते मनात दोनदा करून पाहिले. कुठे फट सापडेना.

“तुमच्या डॉक्टरेटवर गदा येईल म्हणून तर नाही ना, सर?” त्यांनी विचारले. असे काही बोलायला त्यांची जीभ कधी धजली नव्हती.

वेंकटरमण रागावले नाहीत. “असेलही,” ते म्हणाले. “पण त्यामुळे गणित चुकत नाही. त्या बायकांना आता शोधता येईल?”

“एक वाडी उठली. बाकीच्यांचं…” सुनीतीबाई थांबल्या. गेल्या वर्षी त्या लोकलने एन्नोरला जाऊन आल्या होत्या. शरदचंद्रांना सांगितले होते, हळदीकुंकवाला जाते. चौथ्या गावात त्यांनी अंजलैचे घर विचारले, तेव्हा एका मध्यमवयीन बाईने हातातली टोपली न ठेवता सांगितले, “अम्मा जाऊन चोवीस वर्षं झाली. छातीचं दुखणं.” ती तिची मुलगी होती. शाळा तिने चौथीत सोडली होती. सुनीतीबाई त्या अंगणात उभ्या राहून चोवीस वर्षे मागे मोजत होत्या आणि मोजणी दोन हजार एकला येऊन थांबत होती. त्या साली त्या तीनदा दारातून परतल्या होत्या. दार उघडले असते तर अंजलै वाचली असती, असे कुठलेही गणित सांगणार नाही. वाचली नसती असेही सांगणार नाही. हे त्यांनी कुणालाच सांगितले नव्हते. आताही सांगितले नाही.

“एक टिपण लिहून द्या,” वेंकटरमण म्हणाले. “जे झालं ते सगळं. मी फाइलला लावीन. माझ्या सहीसकट.”

“ती फाइल कोण उघडेल, सर?”

वेंकटरमणांनी फॉर्म हलकेच सुनीतीबाईंकडे सरकवला. “हा यादीत आहे, मॅडम. बाहेर नेता येणार नाही. तुम्हाला नियम सांगायला नको.”

*

अंगणात ऊन तळपत होते. लॉरीखाली पांढऱ्या पट्ट्यांचे ढीग पडले होते आणि त्यांतले तुकडे बदामाच्या झाडाखाली उडत होते. संयुक्ता हातात यादी घेऊन उभी होती. तिने सुनीतीबाईंकडे पाहिले आणि नजर यादीकडे वळवली.

“चौथा गठ्ठा संपला, अक्का. एकच उरला आहे.”

यंत्रावरच्या माणसाने हात पुढे केला. “अम्मा, इदुवुम् पोडणुमा?” हाही टाकायचा का?

“एक मिनिट थांबाल?” सुनीतीबाईंनी तमिळमध्ये विचारले. “मला काही लिहायचं आहे. उन्हात ताटकळवते तुम्हाला.”

त्याने टॉवेल खाली ओढला, कागदाच्या भुकटीने आलेली खोकल्याची उबळ जिरवली आणि हसून म्हणाला, “परवायिल्लै, अम्मा.”

सुनीतीबाई वळल्या. “संयुक्ता,” त्या म्हणाल्या, “यांना आधी पाणी आणून दे.”

माणूस पायरीवर बसून पाणी प्यायला. दोन पेले प्यायला, आणि तिसराही मागून घेतला. तेवढ्या वेळात सुनीतीबाईंनी फॉर्म लॉरीच्या फळीवर ठेवून पर्समधले लाल पेन काढले. दुरुस्ती कशी करायची, हे संस्थेत आलेल्या प्रत्येक मुलीला त्यांनी पहिल्याच दिवशी शिकवले होते: चुकीच्या आकड्यावर एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी बरोबर आकडा, मग सही आणि तारीख. त्यांनी दोनवर एक रेघ ओढली. शेजारी एक लिहिला. पूर्ण सही केली. तारीख आजची घातली. शाई वाळेपर्यंत त्यावर हाताची सावली धरून उभ्या राहिल्या.

मग त्यांनी फॉर्म त्या माणसाच्या हाती दिला. संयुक्ताने यादीत तीनशे अठरावर खूण केली.

कागद सरळ आत गेला. पट्ट्या खाली पडल्या तेव्हा त्यांतल्या एकीवर क्षणभर लाल काहीतरी दिसले. पाठोपाठ पाचव्या गावाचे कागद त्यावर येऊन पडले. सुनीतीबाईंनी पेनाला टोपण लावले आणि टिपण लिहायला त्या वर गेल्या.